टेम्पोचं वाक्य

सरांवर माझा राग आहे. तो अजून गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. राग मी जपून ठेवतो, धंद्यात त्याचा उपयोग होतो. सरांवरचा राग मात्र कुठंच वापरता आला नाही, म्हणून तो आता कागदावर उतरवतोय.

मी मूळचा काष्टीकडचा. तिथल्या जनावरांच्या बाजारात दलालांच्या मागं हिंडून बोलायला शिकलो, म्हणजे भाव करायला शिकलो. पुढं संगमनेरला येऊन पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान टाकलं. कुणी हाताला धरून आणलं नाही, कुणी ओळख दिली नाही. त्यामुळं समोरच्याचा पहिला भाव खरा नसतो आणि पहिला नकारही खरा नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. थोडा जोर लावला, थोडं गप्प बसलं, एकदा उठून चालायला लागलं, की माणूस हाक मारतो. आजवर सगळ्यांनी मारली. सरांनी मारली नाही.

सर माझे घरमालक. नाशिक-पुणे रस्त्याला लागून त्यांचं दुमजली घर. खाली माझं दुकान, वर सर आणि काकू. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त प्राध्यापक जे करतात त्यातलं त्यांनी काहीच केलं नाही. सोसायटीचं चेअरमनपद नको, सकाळचा हास्यक्लब नको. वर्षातून एक-दोनदा बॅग भरायचे आणि कुठल्या तरी देशातली निवडणूक बघायला जायचे.

"म्हणजे फिरायला?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"नाही. बघायला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. एखाद्या देशात राष्ट्रीय निवडणूक लागते, तिथल्या लोकांचा एकमेकांवर भरवसा नसतो, तेव्हा बाहेरच्या देशांतून निरीक्षक बोलावतात. ही माणसं मतदान केंद्रात एका कडेला बसतात. पेटी सुरुवातीला रिकामी दाखवली का, रांगेतल्या माणसाला कोणी दटावलं का, मोजणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाली का, ते बघतात.

"चोरी दिसली तर धरता का?"

"नाही."

"ओरडता तरी?"

"नाही. निरीक्षकानं मध्ये पडायचं नसतं."

"मग करता काय?"

"जे दिसलं ते लिहितो. मतदान संपल्यावर जाहीर सांगतो."

"सर," मी म्हणालो, "एवढ्यासाठी विमानाचं तिकीट देतंय कोण?"

ते हसले नाहीत. सर विनोदाला लगेच हसत नसत. जिना चढून वर गेल्यावर हसत. खाली दुकानात आम्हाला ऐकू यायचं.

निरीक्षक होणं हा त्यांचा धंदा नव्हता, तो त्यांचा स्वभाव झाला होता. कुठल्याही खोलीत गेले की दाराजवळची खुर्ची धरायचे, आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही दिसावेत म्हणून. लग्नात मांडव आणि मुदपाकखाना एकाच वेळी दिसेल अशा जागी उभे राहायचे. मुलीकडच्यांना वाटायचं, माणूस जेवणावर नजर ठेवून आहे. काकूंनी विचारलं, "भाजी कशी झालीय?" तर म्हणायचे, "प्राथमिक मत, समाधानकारक. अंतिम मत हात धुतल्यावर." का, तर सगळी प्रक्रिया पुरी होण्याआधी निरीक्षकानं निकाल द्यायचा नसतो. काकू वाढता वाढता म्हणायच्या, "तुमच्या अंतिम मतापर्यंत भांडी घासून होतात माझी."

रंगांचं वेगळंच. ज्या देशात जायचं तिथल्या सगळ्या पक्षांचे रंग आधी शोधून काढायचे आणि त्या रंगाचा साधा रुमालही बॅगेत ठेवायचा नाही. एका देशात इतके पक्ष निघाले की सरांना शेवटी मातकट सदरे शिवून घ्यावे लागले. तेच सदरे ते इथं भाजी आणायला घालायचे. आपल्याकडं लोकसभेची आचारसंहिता लागली की हा नियम घरात लागू व्हायचा. काकूंच्या भगव्या, हिरव्या, निळ्या साड्या कपाटात बंद. काकू कठड्यावर येऊन मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायच्या, "मग नेसू काय आता, गोणपाट?"

सर इथं कुठं निरीक्षक होते? नव्हतेच. हीच त्यातली गंमत. परदेशातल्या मतदान केंद्रात ज्यांना खुर्ची मिळायची, ते सर आपल्या गल्लीतल्या शाळेसमोर पांढऱ्या रेघेच्या बाहेर थांबायचे. आत जायचे ते फक्त मत द्यायला, रांगेतून. एकदा एका ओळखीच्या पोलिसानं "सर, या ना आत, सावलीत बसा" म्हटलं, तर सर त्यालाच म्हणाले, "मला आत घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही." पोलिसाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण मला खरी तकलीफ व्हायची ती त्यांच्या एका प्रश्नाची. काहीही सांगा, सर विचारणार, "तुम्ही स्वतः पाहिलं, की कोणी सांगितलं?" भाड्याचा करार नव्यानं करायचा होता तेव्हा मी नेहमीप्रमाणं सुरुवात केली. "सर, पलीकडच्या इमारतीतला गाळा याच्या निम्म्या भाड्यात गेलाय."

"करार पाहिलात?"

"करार कशाला पाहायचा? बाजारात सगळे बोलतात."

"म्हणजे ऐकलंत."

आता मी ते ऐकलेलंही नव्हतं. तिथल्या तिथं बनवलं होतं. पण सरांनी ते खोटं म्हटलं नाही. फक्त 'ऐकलेलं' या कप्प्यात टाकलं आणि पुढं बोलायला लागले. खोटं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. कप्प्यात टाकलेल्या गोष्टीशी भांडायचं कसं?

आणि जोडी. निरीक्षक कधी एकटा जात नाही, जोडीनं जातो, आणि जोडीतली दोघं एका देशाची नसतात. सरांची जोडी बरीच वर्षं मनिलाकडच्या एका मास्तरणीशी होती. दोघांचं कशावरून पटायचं नाही. ती म्हणायची खिडकी उघडी ठेवा, हे म्हणायचे धूळ येते. पण दोघांनी मिळून 'हे पाहिलं' असं लिहिलं की त्याच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही. सर म्हणायचे, "आपल्याशी पटणाऱ्या माणसाला बरोबर नेलं, तर तो आपल्याला जे दिसलं तेच बघतो." इथं संगमनेरात त्यांनी जोडीदार म्हणून मला धरलं होतं. गादी घ्यायची, गवंडी ठरवायचा, डॉक्टरकडं जायचं, की "चला." मी धंदा सोडून जायचो आणि प्रत्येक गोष्टीत उलट बोलायचो. त्यांना तेच हवं असायचं.

एकदा मी विचारलं, "सर, हे वेड लागलं कुठून?"

एरवी स्वतःविषयी न बोलणारा माणूस, त्या दिवशी बोलला. त्यांचं घर बौद्ध दीक्षा घेतलेलं. वडील शेतमजूर. मतदानाच्या दिवशी वडील ठेवणीतलं धोतर नेसायचे आणि लहान सरांना बरोबर न्यायचे. रांगेत उभे राहिले की वळून मागं कोण आहे ते बघायचे. पुढं पाटील असायचा, मागं सावकार. "त्या एका रांगेत," सर म्हणाले, "त्यांना कुणी मागं सरक म्हणत नव्हतं. पुढं दुसऱ्या देशांतल्या रांगा बघितल्या, तेव्हा मी आधी माणसांचे कपडे बघायचो. ठेवणीतले कपडे घालून आलेला माणूस प्रत्येक देशात भेटतो."

एवढं बोलून ते वर गेले. त्या दिवशी जिन्यावरून हसणं ऐकू आलं नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी त्यांना माझ्या निवडणुकीत बोलावलं, ही गोष्ट खरी.

आमच्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांची संघटना आहे. तिच्या अध्यक्षपदाला मी उभा राहिलो. समोर कापडवाले शेठ. तीन पिढ्यांचं दुकान, सगळ्या लग्नांचा बस्ता त्यांच्याकडं, म्हणजे सगळी घरं त्यांच्या ओळखीची. मी बाहेरून आलेला. मला भीती एकच, शाळेच्या हॉलमध्ये मतदान होणार आणि तिथली सगळी माणसं शेठची. म्हणून मीच सभेत उठून म्हणालो की आपल्याकडं जागतिक दर्जाचा निरीक्षक आहे, त्यांना बसवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठनीही.

सरांनी दोन अटी घातल्या. एक, निकाल लागेपर्यंत ते कोणाशी अवाक्षर बोलणार नाहीत. दुसरी, जोडीदार लागेल. "मी येतो की," मी म्हणालो.

"तुम्ही उमेदवार आहात."

आणि त्यांनी जोडीदार म्हणून शेठचा मेहुणा घेतला. सख्खा मेहुणा! मी जिन्यातच अडवलं. "सर, हा तर त्यांचा माणूस!"

"म्हणूनच. तुमच्या बाजूचं काही दिसलं, तर ते दोघांना दिसायला हवं. आणि त्यांच्या बाजूचं दिसलं, तर ते या माणसानं नाकारता कामा नये."

मतदान उन्हाळ्यात होतं. बाजारपेठेतले जुने व्यापारी, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला धाप. मी माझा टेम्पो काढला आणि ड्रायव्हर रामाला सांगितलं, "दिसेल त्याला बसव आणि हॉलपर्यंत सोड." रामा माझ्याच गावाकडचा, सांगितलं ते करणारा. त्यानं हॉलपर्यंत म्हणजे थेट हॉलच्या दारापर्यंत सोडलं. दिवसभर. टेम्पोच्या दोन्ही अंगांना माझ्या दुकानाचं नाव हातभर अक्षरांत. शेठचे मतदारसुद्धा त्यातनं आले आणि उतरून शेठला मत देऊन चालत गेले.

मी पडलो. थोडक्यात पडलो, आणि थोडक्यात पडणं सगळ्यात वाईट. चहाच्या टपरीवर लोक म्हणायला लागले की शेठनी मतपत्रिका जास्तीच्या छापल्या होत्या. मी तसाच सरांकडं गेलो. "सर, तुम्ही उद्या निवेदन वाचणार ना? हे लिहा त्यात."

सर काय म्हणाले असतील ते तुम्हालाही आता सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर त्यांनी निवेदन वाचलं. मतदान शांततेत झालं. मतपत्रिका मोजून दिल्या आणि मोजून परत आल्या. मोजणी उघड्यावर झाली. मग तोच आवाज, तोच वेग, आणि हे वाक्य: "एका उमेदवाराच्या टेम्पोतून मतदारांना मतदानाच्या दारापर्यंत आणलं जात होतं; हे आम्ही दोघांनी पाहिलं."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. सगळे माझ्याकडं बघायचं टाळत होते. त्या दिवशी हॉलच्या दाराशी टेम्पो एकच, त्यावरचं नाव लांबून वाचता येणारं. शेठचा मेहुणा शेजारी उभा राहून होकाराची मान हलवत होता आणि दोघांनी पाहिलेलं खोटं म्हणायची माझी सोय सरांनी आधीच काढून घेतलेली होती.

मला पडल्याचं दुःख नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं, की ज्याच्याबरोबर रोज चहा पितो त्याला हा माणूस आधी बाजूला घेऊन सांगू शकला असता. आणि हे निवेदन आता संघटनेच्या इतिवृत्तात कायमचं चिकटवलं जाणार होतं. मी ठरवलं, ते वाक्य काढून घ्यायचंच. मग कितीही दिवस लागोत.

आधी गोडीनं. "सर, 'एका उमेदवाराच्या' ऐवजी 'काही उमेदवारांच्या' केलं तर? एकच शब्द."

"बाकीच्यांचे टेम्पो मी पाहिले नाहीत."

मग युक्तिवादानं. "बरं, राहू द्या वाक्य. पुढं जोडा, कडक ऊन असल्यामुळं."

"ऊन दोन्ही बाजूंना होतं."

मग धमकी. दुकान खाली करतो म्हणालो. सर म्हणाले, करारात एक महिन्याची सूचना आहे, लेखी द्या. मग चहा बंद केला. सर रोजच्या वेळी येऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे, वर्तमानपत्र वाचायचे आणि चहा न पिता जायचे. त्यांना फरक पडला नाही. मलाच माझा चहा गिळेना.

शेवटी काकूंना मध्ये घातलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यांनी माझ्या आमटीबद्दल एक वाक्य म्हटलंय. ते मागं घ्यायला लावलंत, की तुमचं बघू."

असे महिने गेले. मध्यंतरी सर आफ्रिकेतल्या एका देशातली निवडणूक करून आले. आले ते नेहमीसारखे नव्हते. अंगात कणकण, खाण्यात लक्ष नाही. मी विचारलं नाही, माझं भांडण चालू होतं.

मग एक दिवस दुपारी लॅपटॉप छातीशी धरून सर खाली आले. रस्तारुंदीकरणात वरच्या घराची इंटरनेटची वायर तुटली होती. "तुमचं चालू आहे का? अर्धा तास हवंय."

नाही म्हणावंसं वाटलं. पण गिऱ्हाईक समोर होतं. मी काउंटरचा कोपरा मोकळा करून दिला.

पडद्यावर सूट घातलेला एक गोरा साहेब आला. सरांच्या निरीक्षण मंडळाचा कोणी मोठा. माझं इंग्रजी बिलापुरतं आणि कंपनीच्या माणसांशी भांडण्यापुरतं. तेवढं पुरलं, कारण भाव चालू होता आणि भाव मला कुठल्याही भाषेत कळतो.

प्रकरण असं होतं. त्या देशात एका शाळेतल्या केंद्रावर मतदान संपल्यावर मतपेटी मोजणीला घेण्याआधी हेडमास्तरांच्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. मग दार उघडलं, पेटी बाहेर आली, मोजणी सगळ्यांसमोर झाली, आकडे जुळले, कोणी तक्रार केली नाही. सर आणि मनिलाची मास्तरीण दाराबाहेर उभे होते. त्यांनी लिहिलं, "पेटी काही वेळ बंद दाराआड होती. त्या वेळात आत काय झालं ते आम्ही पाहिलं नाही."

साहेबाला हे वाक्य नको होतं.

आधी त्यानं कौतुक केलं. सरांच्या अनुभवाचं, सरांच्या अक्षराचं सुद्धा. मी मनात म्हटलं, हा गोडीचा भाग. मग म्हणाला, वाक्य काढू नका, थोडं मऊ करा. हाही भाग माझ्या ओळखीचा. मग आवाज उतरवून म्हणाला की देश नाजूक आहे, हरलेला पक्ष हे एक वाक्य घेऊन रस्त्यावर येईल, माणसं मरतील, ते तुम्हाला चालेल का? इथं मी सुद्धा मोजमाप करायचं थांबलो. हा भाव नव्हता. यात खरंही काही असू शकत होतं.

सरांचा हात काउंटरवरच्या पाइपाच्या तुकड्यावर होता, ते तो गोल फिरवत होते. मग म्हणाले, "चोरी झाली असं मी म्हणत नाही. दार बंद होतं असं म्हणतो. लोकांना ते आमच्याकडून कळलं नाही, तर ते दुसऱ्या कुणाकडून ऐकतील. ऐकलेल्या गोष्टीत दार बंद राहत नाही, आत माणसं शिरतात."

मग साहेबानं शेवटचा पत्ता टाकला. पुढच्या मोठ्या निवडणुकीला पथकप्रमुख म्हणून सरांचं नाव विचारात आहे. तिथं सगळ्यांशी मिळून, एकमतानं काम करणारी माणसं लागतात.

गिऱ्हाईक, वडगावकडचा एक म्हातारा शेतकरी, माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय चाललंय ओ यांचं?"

"निवडणूक."

"कुनाची? आपली झाली की मागंच."

"तिकडची आहे."

"मंग ह्यो मानूस का घामाघूम झालाय?"

खरोखर सरांच्या मातकट सदऱ्याची पाठ भिजली होती. मला तेव्हा लख्ख समजलं की सरांना ते पद हवं होतं. खूप हवं होतं. भाव करणाऱ्याला समोरच्याची भूक दिसते, आणि सरांची भूक मी इतकी वर्षं शेजारी राहून पाहिली नव्हती. पडद्यावरच्या साहेबाला ती दिसली होती. तो आता गप्प बसला होता, हसत, वाट बघत. मी गिऱ्हाइकासमोर बसतो तसाच.

माझं डोकं फिरलं. ही चाल माझी, हे गप्प बसणं माझं, हा माणूस माझ्या दुकानात बसून माझ्याच घरमालकावर ते चालवतोय! मी काउंटर ओलांडून लॅपटॉपपुढं तोंड घातलं आणि ओरडलो, "ओ साहेब! न्हाई काढनार ते! म्या लई महिनं झालं सांगून बघितलंय! माझं न्हाई काढलं, तुमचं काय काढत्यात!"

साहेब मागं सरकला. घाबरून त्यानं सरांना विचारलं, हे कोण?

सरांनी चष्मा पुसला. "माझा इथला जोडीदार," ते इंग्रजीत म्हणाले. "आमचं कशावरूनच पटत नाही." आणि मग, "ते म्हणतायत, वाक्य निघणार नाही. तेच माझं उत्तर आहे."

कॉल संपला. म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आपला पाइप जोडायचा सॉकेट मागितला, तो मी दिला. सर तसेच बसून राहिले. मी रामाला हाक मारून दोन चहा सांगितले. मग म्हणालो, "मास्तरीणबाई काय म्हणाल्या?"

"तिला सकाळीच फोन झाला होता. तिनंही नाही म्हटलं."

मंडळाचं निवेदन पुढं त्या वाक्याशिवायच निघालं. सरांनी आणि त्या बाईंनी त्याखालून आपली नावं काढून घेतली. त्या देशात काही झालं नाही, दंगल नाही की चौकशी नाही. मी म्हणालो, "बघा. फुकट गेलं की सगळं."

"दार बंद होतं," सर म्हणाले.

त्यानंतर त्यांना बोलावणं आलं नाही. दाराशी भरून ठेवलेली बॅग काकूंनी एक दिवस रिकामी केली आणि माळ्यावर टाकली. पुढच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली तेव्हा काकू हिरवीगार साडी नेसून खाली आल्या. सरांनी पाहिलं आणि काही म्हटलं नाही. काकू मला हळूच म्हणाल्या, "बोलले असते तर बरं वाटलं असतं."

आमचा चहा पुन्हा सुरू झाला. पण माझं वाक्य त्यांनी काढलं नाही, आणि मी मागायचं सोडलं नाही. आता ते रोजचं झालं होतं. मी म्हणायचो, "ऊन होतं सर." ते म्हणायचे, "होतं." पुढं दोघं वर्तमानपत्र वाचायचो. मग काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि दोघं पुण्याला मुलीकडं राहायला गेले. दुकान अजून त्यांच्याच गाळ्यात आहे. दाराजवळची खुर्ची गिऱ्हाइकं वापरतात.

आणि मग परवा संघटनेची वार्षिक सभा झाली. अध्यक्षपदाची मुदत संपत आली होती. मी पुन्हा उभा राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. सभेच्या आधी शेठनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात टाकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"जुनं काय धरून बसायचं?" शेठ म्हणाले. "ते टेम्पोचं वाक्य इतिवृत्तातून काढून टाकावं असा ठराव मीच मांडतो. मेहुणाही हात वर करेल. तुमचं नाव स्वच्छ. तेवढं यंदा मला बिनविरोध होऊ द्या."

मला हवी होती ती वस्तू, मी मागत आलो तशीच, समोर ठेवलेली होती. जिच्यासाठी धमकी दिली, चहा तोडला, काकूंपर्यंत गेलो, ती. भावही वाईट नव्हता. मी शेठना म्हणालो, "शेठ, चांगला भाव लावलात."

"मग मांडू?"

"मांडा की. पण आधी एक सांगा. सर खोटं बोलले होते का?"

"छे छे! सर आणि खोटं?"

"मग खोडायचं कशाला?"

"अहो, तुमच्याच फायद्याचं सांगतोय."

"फायदा मला कळतो," मी म्हणालो. "माझं वाक्य आज निघालं, तर उद्या तुमच्या मतपत्रिका मोजून परत आल्या तेही वाक्य निघेल. टपरीवरचे लोक वाटच बघतायत."

शेठनी खांद्यावरचा हात काढून घेतला. मी आत गेलो. विषय निवडणुकीवर आला तेव्हा उठलो आणि म्हणालो की माझा अर्ज घ्या. आणि मतदानाआधी मागच्या निवडणुकीचं निवेदन सगळ्यांना वाचून दाखवा. सेक्रेटरी वही चाळायला लागला. त्याला पान सापडेना. त्याची वाट बघत कोण बसतंय? ते मला पाठ होतं. मी उभ्या उभ्या म्हटलं, जसंच्या तसं, सरांच्या वेगात. सरांनी त्यात उमेदवाराचं नाव घातलं नव्हतं. ते मी घातलं.